मागचे पाय ओढणाऱ्या कुत्रीला कसं सांभाळावं

सेलूच्या एका ताईंनी विचारलं आहे. परवा सकाळी पाथरी रस्त्याच्या कडेला त्यांच्या गल्लीतली ओळखीची कुत्री पडलेली दिसली. मागचे दोन्ही पाय ओढत ती पुढच्या पायांवर सरकते, मांडी सोलून निघाली आहे. घरच्यांनी तिला उचलून ओसरीत आणलं आणि चमच्याने हळदीचं दूध पाजलं. शेजारचे एक जण म्हणाले, कंबर मोडलीय, इंजेक्शन देऊन मोकळं करा. दुसरे म्हणाले, कोमट तेलाने रोज चोळा, आठ दिवसांत उठेल. ताई विचारतात, कोणाचं ऐकू?

ताई, दोघांचंही ऐकू नका. जीव घेण्याइतकं काही अजून कळलेलं नाही, आणि मोडलेल्या हाडावर चोळणं म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल करणं. मागचे पाय ओढले की मणका तुटला, असं सगळे धरून चालतात. गाडीचा धक्का लागलेल्या कुत्र्यांमध्ये मला कमरेच्या हाडांचं कडं मोडलेलं फार वेळा सापडतं. असं कुत्रं पहिले काही दिवस हुबेहूब मणका तुटल्यासारखंच दिसतं: उठत नाही, ओढत सरकतं, हात लावला की चावायला येतं. पण त्याच्या नसा बहुधा शाबूत असतात. चार ते सहा आठवडे एका जागी निवांत ठेवलं, तर यातली बरीच कुत्री शस्त्रक्रियेशिवाय स्वतःच्या पायांवर चालायला लागतात. मणक्याची गोष्ट वेगळी आहे. म्हणून कंबर की मणका, हे आधी कळलं पाहिजे. त्यासाठी एक्स-रे लागेल, आणि त्याआधी घरी बघण्यासारखंही बरंच आहे.

पण सगळ्यात आधी तुमच्या हातांविषयी बोलतो. तुम्ही अपघात होताना पाहिलेला नाही. तुमचा प्रश्न वाचताना मला पहिल्यांदा हेच खटकलं.

पिसाळणं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अंगावर धावून येणारं कुत्रं येतं. रेबीज शांतपणेही येतो. मागचे पाय लुळे पडतात, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, पाणी गिळता येत नाही. घरातले म्हणतात, घशात हाड अडकलंय, आणि बोट घालून बघतात. गाई-म्हशींमध्येही असंच होतं. वैरण अडकली समजून मालक कोपरापर्यंत हात घशात घालतो, आणि चार दिवसांनी जनावर रेबीजने मेलं की अख्ख्या घराला दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून मागचा भाग लुळा आणि अपघात कोणी पाहिलेला नाही, अशा जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही, हा नियमच करून टाका.

आता तिची नखं बघा. गाडीने उडवलेलं कुत्रं डांबरावर फरफटतं, तेव्हा नखांची टोकं घासून चिरफळतात, त्यांचे तंतू सुटतात. केसांत बारीक खडी रुतलेली असते, कुठेतरी ग्रीसचा काळा पट्टा दिसतो, कातडी एकाच दिशेने सोललेली असते. या खुणा असतील तर गाडीचा धक्का लागला हे जवळपास नक्की. तरीही पूर्ण निश्चिंत होऊ नका, कारण पिसाळलेलं कुत्रं भरकटत रस्त्यावर येतं आणि तेही गाडीखाली सापडतं. पुढचे दहा दिवस तिच्यावर नजर ठेवा. रेबीजचं कुत्रं लक्षणं दिसल्यावर सहसा दहा दिवसांच्या आत दगावतं. दहा दिवसांनीही ती खात-पीत असेल, तर ती काळजी मिटली.

दूध पाजताना कोणाला दात लागला असेल, किंवा हातावरच्या भेगेला, ओरखड्याला तिची लाळ लागली असेल, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. आपल्याकडे शेतातल्या आणि धुण्याभांड्याच्या हातांना भेगा असतातच, त्यामुळे हे हसण्यावारी नेऊ नका. आजच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. तिथे बहुधा कातडीत देण्याच्या पद्धतीने ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी लस देतात. दाताने कातडी फुटून रक्त आलं असेल किंवा लाळ उघड्या जखमेत गेली असेल, तर जखमेभोवती रेबीजविरोधी सीरमही लागतं. ते आपण होऊन विचारा. दहा दिवस बघून मग लस घेऊ असं करू नका. आधी लस सुरू होते, निरीक्षण सोबत चालतं. धुतलेल्या अखंड कातडीवर नुसती लाळ लागली असेल तर घाबरायचं कारण नाही.

ओळखीची कुत्री आहे, चावणार नाही, हे मनातून काढा. दुखऱ्या कमरेला हात लागला की घरचं पाळलेलंही चावतं. उचलण्याआधी तोंड बांधायचं. दीड-दोन हात लांब सुती पट्टी किंवा जुन्या ओढणीची चिंधी घ्या. एक सैल फास लांबूनच नाकाच्या मागे टाकून वर गाठ ओढा, पट्टी हनुवटीखाली फिरवून पुन्हा आवळा, आणि दोन्ही टोकं कानांच्या मागे नेऊन सुटता येईल अशी गाठ मारा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. तोंड बांधलेलं कुत्रं आपल्या उन्हात, पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवलं तर काही मिनिटांत त्याला उष्माघात होतो. बांधायचं ते उचलण्यापुरतं आणि तपासण्यापुरतं. धाप लागली असेल, उलटी होत असेल, तर बांधूच नका. त्याऐवजी जाड वाकळ मानेभोवती गुंडाळून धरा.

पट्टी बांधण्याआधी तिचा ओठ किंचित वर होईल तेव्हा हिरडी बघून घ्या. निरोगी हिरडी गुलाबी असते. पांढरट, राखाडी दिसली तर पोटात रक्तस्राव चालू असण्याची शक्यता आहे, मग घरी वेळ घालवू नका. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी खाली ओढून आतला रंग बघावा. गोचीड ताप असलेल्या गल्लीतल्या कुत्र्यांच्या हिरड्याही फिक्या असतात, त्यामुळे अंगावर गोचीड दिसले तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग श्वास बघा. कोपरं बाहेर काढून, मान ताणून, पोटाने श्वास ओढत असेल तर छाती आणि पोटामधला पडदा फाटलेला असू शकतो. अशा कुत्र्याला उताणं करायचं नाही आणि पोटही दाबायचं नाही.

शेवटी पाय. मागच्या पायाच्या बोटांमधली कातडी चिमटीत धरून दाबा. पाय मागे ओढला गेला तर लगेच खूश होऊ नका, कारण ती हालचाल मेंदूपर्यंत खबर न जाताही होते. तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहा. मान वळवून हाताकडे पाहिलं, केकाटली, गुरगुरली, निदान डोळे विस्फारले, तर वेदना मेंदूपर्यंत पोचली. तुमचा आवाज ऐकून शेपूट हलली तर त्याहून चांगलं. कातडीच्या चिमट्याला काहीच उत्तर आलं नाही, तर बोटाचं हाड चिमट्याने दाबून खोल संवेदना बघावी लागते. ते डॉक्टरांवर सोडा, आणि तोवर मनाने निकाल लावू नका. धक्क्याने आलेली सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत चित्र फार वाईट दाखवते.

नेताना तिला हातांवर झोळीसारखी उचलू नका. जुन्या कपाटाची फळी, प्लायवूड, सपाट पत्रा, काहीही चालेल. फळी शेजारी टेकवा, एकाने खांद्यापाशी आणि दुसऱ्याने कमरेपाशी धरून तिला एका लयीत वर सरकवा, आणि खांदा व कंबर दोन ठिकाणी चादरीने फळीला बांधा. गावात आधी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. तिथे वेदनेचं इंजेक्शन, सलाईन आणि जखमेची सफाई नक्की होते. तिथे कोणी नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. ही सेवा मुख्यतः पशुपालकांच्या गुरांसाठी असल्यामुळे कुत्रीसाठी गाडी येईलच असं धरून बसू नका, पण फोन करायला हरकत नाही. एक्स-रेसाठी तुम्हाला परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडेल. लातूर-उदगीरकडच्यांना उदगीरचं महाविद्यालय आहे. मणका आणि कंबर, दोन्हींचा एक्स-रे दोन बाजूंनी मागा. आडव्या एकाच फिल्मवर कमरेचं मोडणं पुष्कळदा लपून राहतं.

दवाखान्यात जाईपर्यंत घरातल्या डब्यातलं वेदनेचं कोणतंही औषध देऊ नका. माणसाची आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या जठरात व्रण करते आणि मूत्रपिंडं बसवते. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही मारू शकते. डायक्लोफिनॅक गुरांसाठी वापरायला २००६ पासून बंदी आहे. ते मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं, आणि आपल्या माळरानांवरची गिधाडं संपली. तरी जुन्या बाटल्या कोणाच्या ना कोणाच्या फडताळात सापडतात. कुत्र्याला मानवणारी वेदनाशामकं आहेत. ती वजन बघून डॉक्टर देतील.

इथवरचं काम एका दिवसाचं आहे. कुत्री जगते की नाही, हे त्यानंतर ओसरीत ठरतं, आणि त्यातली निम्मी लढाई लघवीची असते.

हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून मी सविस्तर सांगतो. नसांना मार लागलेल्या जनावराला लघवी लागल्याचं कळत नाही, किंवा कळूनही सोडता येत नाही. मूत्राशय तुडुंब भरतं आणि वरून थेंब थेंब सांडत राहतं. घरच्यांना वाटतं, लघवी होतेय, सारखं ओलं असतं. ते ओलं म्हणजे ओसंडणं असतं. दोन-तीन दिवस असं राहिलं की मूत्राशयाचे स्नायू ताणून सैल होतात, आतलं मूत्र नासतं, रक्त येतं, आणि विष अंगात भिनून कुत्री खाणं सोडते. लोक म्हणतात, धसक्याने गेली. मूत्राशय वेळेवर रिकामं झालं असतं तर ती गेली नसती.

आधी ते फुटलेलं नाही ना, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. अपघातानंतर २४ तासांत लघवीचा टिपूस नाही, पोट तट्ट होतंय, उलट्या होताहेत, तर फुटण्याचा संशय धरायचा आणि पोट दाबायचं नाही. ते शाबूत असेल तर रिकामं करण्याची रीत अशी: हातमोजे घाला, कारण लेप्टोस्पायरा नावाचे जंतू कुत्र्याच्या लघवीतून माणसाला लागतात. तिला कुशीवर निजवा. एक तळवा पोटाच्या वरच्या अंगाला, दुसरा खालच्या अंगाला, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे, अगदी सपाट ठेवा. बोटांची टोकं रुतवायची नाहीत. तळवे हळूहळू जवळ आणले की मधे एक गोल, ताणलेली गोष्ट सरकल्यासारखी लागते. किती भरलंय त्यावर ती लिंबापासून मोसंबीपर्यंत कितीही मोठी असेल. ती सापडली की दाब सावकाश वाढवा आणि शेपटीकडे नेत धरून ठेवा. आधी काहीच होत नाही, मग एकदम धार लागते. धार थांबली की सोडा, जरा थांबा, पुन्हा एकदा दाबा. दिवसातून तीन-चार वेळा हे करायचं, रात्रीची शेवटची पाळी चुकवायची नाही. जोर लावूनही धार लागत नसेल तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे न्या. पहिल्या वेळी त्यांच्यासमोर, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवून शिका. कागदावर वाचून हे जेवढं अवघड वाटतं, तेवढं हाताला अवघड नाही.

परभणीच्या मोंढ्यातल्या एका हमालाने हे काम जसं केलं, तसं मी फार थोड्यांना करताना पाहिलं आहे. ट्रक मागे घेताना कुत्री सापडली, तिची कंबर मोडली होती. त्याने आडतीच्या मागच्या पडवीत रिकाम्या बारदान्याच्या पाच-सहा घड्या रचून तिला ठेवलं. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो यायचा, हात धुवायचा, गुडघे टेकून बसायचा आणि तिच्या पोटावर तळवे ठेवून डोळे मिटायचा. डोळे का मिटता, असं विचारल्यावर म्हणाला, बघितलं की घाई होती, मिटलं की हाताला कळतं. धार लागली की तो वास घ्यायचा. उग्र, कुजकट वास आला त्या दिवशी त्याने मला फोन केला, आणि संसर्ग सुरू होतानाच औषध देता आलं. नंतर ओला बारदाना काढून उन्हात टाकायचा, कोरडा अंथरायचा, कूस बदलायची, आणि पुन्हा पोत्याखाली खांदा द्यायला जायचा. त्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या मुलांना त्याच्या हाताखाली पाठवायचो.

कूस बदलणं हीच उरलेली निम्मी लढाई. दर तीन-चार तासांनी कूस बदलली नाही तर कोपर, खांदा, खुबा इथली कातडी लाल होते, मग काळी पडते, मग हाडापर्यंत खड्डा पडतो. खाली शहाबादी फरशी असेल तर हे दोन दिवसांत होतं. जाड वाकळ किंवा बारदान्याच्या घड्या, त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि सगळ्यात वर लघवी शोषून घेणारं धुवट सुती धडपं. प्लास्टिक अंगाला लागता कामा नये. मागचा भाग रोज कोमट पाण्याने धुऊन कोरडा करा, मांड्यांमधले केस कापून टाका. लाल चट्टा दिसला की त्याच दिवशी अंथरूण दुप्पट करा, मलम नंतर शोधा.

मांडीची जखम सलाईनने धुवा. मेडिकलमधली अर्ध्या लिटरची बाटली आणा, नाहीतर एक लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालून गार करा. आजूबाजूचे केस कात्रीने कापा, जखमेवर धार सोडा, खडी-माती निघून जाऊ द्या. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. हळद विषारी नाही, पण तिची पूड जखमेवर पापुद्रा धरते आणि खाली पू साचतो तो दिसत नाही. राख, चुना, रॉकेल, गाडीचं जळकं ऑईल यांतलं काहीही लावू देऊ नका. जळकं ऑईल तर खरजेवरचा उपाय म्हणून गावोगाव सर्रास फासतात, कुत्रं ते चाटतं आणि आतून खराब होतं.

सध्या पावसाची झड आहे. पोळ्याच्या आसपासच्या या दिवसांत माश्यांचा सुळसुळाट असतो, आणि उठता न येणाऱ्या जनावराला खरा धोका माशीचा. ओल्या जखमेवर, लघवीने भिजलेल्या केसांवर, शेपटीच्या मुळाशी माशी अंडी घालते. तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसतात ते हेच. एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात आणि मांसात शिरतात. म्हणून दिवसाही तिच्यावर मच्छरदाणी हवी, आणि सकाळ-संध्याकाळ शेपूट उचलून, कान उलटून, जखमेच्या कडा बघायच्या. पांढरे पुंजके दिसले तर बारीक फणीने किंवा केस कापून तिथल्या तिथे काढता येतात.

अळ्या पडल्याच, तर फिनाईल, पेट्रोल, डांबरगोळीची पूड ओतू नका. अळ्या मरतील, पण ते विष उघड्या मांसातून रक्तात जातं, आणि कुत्री ते चाटते ते वेगळंच. जखम सलाईनने धुवा. कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाईन तेलाचे थोडे थेंब घेऊन तो जखमेच्या तोंडाशी दहा मिनिटं धरा. तेल आत ओतायचं नाही. अळ्यांना श्वास मागच्या टोकाने घ्यावा लागतो, कोंडमारा झाला की त्या वर येतात, तेव्हा चिमट्याने एकेक काढायच्या. पुन्हा धुवायचं. एवढ्याने संपलं असं कधीही समजू नका. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघायचंच, कारण खोलवर लपलेल्या नंतर वर येतात. मांजराला टर्पेंटाईन मुळीच चालत नाही. अळ्यांवर डॉक्टर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात ते चांगलं लागू पडतं, पण मेंढ्यांसाठी आणलेल्या बाटलीतून अंदाजाने टोचू नका. जास्त मात्रा झाली की कुत्रं बेशुद्ध पडतं, पिल्लांच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा.

खाण्याचं सोपं आहे. पडल्या पडल्या चमच्याने पाजणं आजपासून बंद करा, पाजलेलं फुफ्फुसात उतरतं. तिला छातीवर बसती करून वाटी पुढे ठेवा, पिऊ द्या. १५ किलोच्या कुत्रीला दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं. दुधाने बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना हगवण लागते, आणि पडून असलेल्या जनावराला हगवण म्हणजे चट्टे आणि माश्या. मऊ भात आणि उकडलेलं अंडं, ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, थोडं दही हे चांगलं. भाकरीवर आमटी-रस्सा घालू नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला मारक आहे. कमरेच्या मोडण्यात शौचाला कुंथायला दुखतं, म्हणून रोज उकडलेला लाल भोपळा दोन घास द्या.

कंबरच मोडलेली निघाली, तर चार ते सहा आठवडे छोट्या जागेत कोंडून ठेवायचं. तिला फिरावंसं वाटेल, तुम्हालाही तिची दया येईल, पण लांबचलांब ओसरी मोकळी देऊ नका. चार पत्र्यांची किंवा दोन बाजांची आड करून तिला फक्त वळता येईल एवढीच जागा ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टर हो म्हणाले की, मागचे पाय हातात धरून सायकल चालवल्यासारखे हळू हलवायचे, दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. मग पोटाखालून पंचा घालून कंबर उचलून धरायची आणि ती चार पावलं टाकते का बघायचं. पंजा उलटा पडत असेल तर मोजा घाला, नाहीतर पाठीकडून घासून जखम होते.

मणका निघाला आणि खोल संवेदना उरली असेल, तर आशा आहे, फक्त वेळ जास्त लागतो. संवेदना गेली असेल, तर ती पुन्हा चालण्याची शक्यता फार थोडी, हे मी तुम्हाला गोड शब्दांत गुंडाळून सांगणार नाही. चाकांच्या गाडीवर आनंदाने जगणारी कुत्री मी पाहिली आहेत, पण त्या प्रत्येकीच्या मागे रोज तीन वेळा मूत्राशय रिकामं करणारा एक माणूस असतो, वर्षानुवर्षं. तो माणूस तुमच्या घरात आहे का, हे घरात बसून, सगळ्यांना विचारून ठरवा. नसेल, चट्टे हाडाला लागले असतील, खाणं सुटलं असेल, तर शांत मरण देण्यात पाप नाही. ते मात्र पशुवैद्यानेच द्यायचं, आधी गाढ भूल देऊन. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये भटक्या कुत्र्यांना हृदयात स्ट्रिक्निनचं इंजेक्शन देऊन मारणं नाव घेऊन गुन्हा ठरवलेलं आहे, आणि प्राण्याला मारणं, जायबंदी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इंजेक्शन देऊन मोकळं करा म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना हे शांतपणे सांगा. ते बहुधा दुष्टपणाने बोलत नसतात. त्यांना तिचं ओढत सरकणं बघवत नाही, एवढंच. त्यांनाच रात्रीची एक पाळी मागा, पुष्कळ जण देतात.

ती चालायला लागली की तिला परत तिच्याच गल्लीत सोडायचं. दूरच्या वस्तीत सोडलं तर तिथली कुत्री तिला टिकू देणार नाहीत. सोडण्याआधी काही दिवस सकाळ-संध्याकाळ दोरीने धरून गल्लीत फिरवा, म्हणजे तिथल्या कुत्र्यांना तिचा वास पुन्हा ओळखीचा होईल. रेबीजची लस तोवर टोचून झालेली असली पाहिजे.

आणि तिचं संततिनियमनाचं ऑपरेशन झाल्याशिवाय तिला सोडू नका. मोडलेल्या कमरेची हाडं जुळताना वाकडी जुळतात आणि पिल्लू बाहेर येण्याची वाट अरुंद होते. अशी कुत्री गाभण राहिली की पिल्लू अडतं, आणि तीन दिवस कळा देऊन ती कुठल्यातरी नाल्याकडेला मरते. पुन्हा एक्स-रे काढायला जाल तेव्हाच ऑपरेशनची तारीख मागून घ्या. त्या वेळी कानाचं टोक कापून खूण करतात, ती करून घ्या, म्हणजे नगरपालिकेची गाडी आली तरी तिला दुसऱ्यांदा धरून नेणार नाहीत.